यंदा किती बॅगा मागवायच्या?

मे लागला की मराठवाड्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात हा प्रश्न असतो. सोयाबीनचं बियाणं कमी पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, उरलं तर पैसा अडकतो. हा अंदाज पूर्वी दुकानदार मनातच बांधायचा. आता त्याच्या संगणकावरही तो मिळतो. एक्सेलमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून ‘फोरकास्ट शीट’ आहे. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात विक्री भरा, बटण दाबा, पुढच्या महिन्यांची रेघ समोर येते.

त्यामागचं गणित चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये मांडलं आणि पीटर विंटर्स यांनी १९६० मध्ये पुढे नेलं. ताज्या विक्रीला जास्त वजन, जुनीला कमी कमी, आणि हंगामाचा चढउतार वेगळा काढायचा, एवढंच त्याचं सूत्र.

एका दुकानाचं एवढ्यावर भागतं. पण जालन्याच्या एखाद्या वितरकाकडे दोनशे दुकानं आणि प्रत्येकात साठ प्रकारचा माल असेल, तर बारा हजार रेघा होतात. त्या बघत बसणार कोण? फेसबुकच्या शॉन टेलर आणि बेंजामिन लेथम यांनी २०१७ मध्ये ‘प्रॉफेट’ ही मोफत प्रणाली खुली केली, ती याच अडचणीसाठी. रेघा सगळ्या यंत्राने काढायच्या, आणि जिथे अंदाज फार चुकतोय तेवढ्याच माणसासमोर आणायच्या. ती चालवायला थोडं प्रोग्रॅमिंग लागतं, पण एकदा कुणी बसवून दिली की पुढे दुकानदाराने द्यायची ती फक्त माहिती.

यंत्र अडतं ते कॅलेंडरवर. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. सण चंद्रावर चालतात. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने १२ नोव्हेंबरला गेलं. नांदेडच्या कापड दुकानाची नुसती महिनावार विक्री दिली, तर यंत्र २०२३ च्या ऑक्टोबरातच दिवाळीची गर्दी धरून बसेल. प्रॉफेटला सणांच्या मागच्या-पुढच्या तारखा वेगळ्या देता येतात. म्हणजे पंचांग समोर ठेवून अर्धा तास बसायचं काम आहे, आणि ते टाळणारे फार.

दुसरी गोम शून्याची. माल संपला त्या दिवशी विक्री शून्य दिसते, पण मागणी शून्य नसते. त्या दिवसाचा चौकोन रिकामा ठेवायला हवा, नाहीतर यंत्र दरवर्षी थोडा कमीच माल सुचवत राहील.

आणि अंदाज आला तरी तेवढ्याच बॅगा मागवायच्या असं नाही. सोयाबीनच्या बियाण्याचं साल नाजूक, उगवणशक्ती लवकर घटते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, त्यामुळे उरलेला माल पुढच्या वर्षी चालेलच याची खात्री नाही. समजा एक बॅग विकली तर २०० रुपये सुटतात, उरली तर ६०० बुडतात. मग २०० भागिले ८०० (२०० अधिक ६००), म्हणजे पाव. मागणी आपल्या साठ्याच्या आत राहण्याची शक्यता पावच असेल, इतकाच साठा करायचा. चारांतल्या तीन वर्षी माल कमी पडेल, तरी लांबच्या हिशेबात हेच परवडतं. (तुटलेल्या गिऱ्हाइकाची किंमत यात धरलेली नाही. ती दुकानदारानेच धरावी.) कंपनी उरलेला माल परत घेत असेल आणि नुकसान ५० रुपयांवर आलं, तर उत्तर थेट ८० टक्क्यांवर जातं. अंदाज तोच, साठा मात्र खूप वेगळा. म्हणून एका आकड्यापेक्षा वरची-खालची मर्यादा पाहणं जास्त उपयोगाचं. एक्सेल ती दाखवतंही, पण बहुतेकांची नजर मधल्या रेघेवरच जाते.

बियाण्याचा दिवसवार अंदाज मात्र मागू नये. पेरणीजोगा पाऊस कधी होईल हे विक्रीच्या जुन्या आकड्यांत नसतं, आणि झाला की सगळी विक्री चार-आठ दिवसांत उरकते. पूर्ण हंगामाचा आकडा तेवढा घ्यावा.

कुणी असं सॉफ्टवेअर विकायला आलं, तर गेल्या वर्षीची विक्री झाकून ठेवावी, आधीच्या वर्षांचे आकडे द्यावेत आणि झाकलेल्या वर्षाचा अंदाज मागावा. शेजारी ‘त्याच्या आदल्या वर्षीइतकंच’ हा फुकटचा अंदाज लिहावा. सॉफ्टवेअर त्याहून जवळ आलं नाही, तर पैसे द्यायचं कारण नाही.