बेशरम उपटून झाल्यावर

भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी (मालगुजार म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार) तलावांच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत मामा तलावांच्या, काठाला एक झुडूप हटकून दिसतं. भोंग्यासारखी फिकट जांभळी फुलं, दिसायला देखणं, नाव बेशरम. मूळचं ते उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावलं आणि कुंपणावरून ते तलावात उतरलं. गुरं शहाणीच म्हणायची, कारण त्याच्या पानांत स्वेनसोनीन नावाचं विषारी द्रव्य असतं. शेळ्यांच्या पोटात ते सतत गेलं तर मज्जासंस्था बिघडते.

कांडी मोडून पाहिली तर चिकट पांढरा चीक येतो आणि आत पोकळी दिसते. या पोकळीमुळेच तुटलेला तुकडा पाण्यावर तरंगत जातो, ओल्या गाळाला टेकला की पेरातून मुळं फुटतात. त्यामुळे नुसती कोयत्याने छाटणी करून तुकडे तिथेच टाकणं म्हणजे एका परीने लागवडच.

हे तलाव गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधत आणले. गाळ काढणं, पाळ म्हणजे तलावाचा बांध दुरुस्त करणं ही गावाचीच कामं होती. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि देखभाल सुटली. गाळाने तलाव उथळ झाला की काठाची जमीन लवकर उघडी पडते. तिथे बेशरम रुजते, तिच्या दाटीत आणखी गाळ अडतो, तलाव आणखी उथळ होतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर मच्छीमारांना, त्यातही बायकांना, सोबत घेऊन जे केलं त्यातला मला पटलेला भाग उपटण्याच्या पुढचा आहे. बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तलावाचा कोरडा तळ नांगरला आणि पावसाळ्यात त्यात पाणवनस्पती लावल्या. तलाव साफ करून पुन्हा त्यात झाडोराच लावायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण हायड्रिलासारख्या बुडून वाढणाऱ्या वनस्पती उजेडात पाण्यात ऑक्सिजन सोडतात, तळाचा गाळ धरून ठेवतात आणि शेवाळाच्या वाट्याची पोषकद्रव्यं आधीच उचलतात. त्यांच्या पानाखोडांवर शेवाळाचा पातळ थर आणि बारीक किडे जगतात. ते लहान माशांचं खाणं. स्थानिक मासे अंडी घालतात तेही याच आडोशाला.

रोहू, कतला, मृगळ यांचं तसं नाही. त्यांना विणीसाठी पुराचं वाहतं पाणी लागतं, तलावात ते सहसा वीत नाहीत. म्हणून त्यांचं बीज पुन्हापुन्हा विकत आणून सोडावं लागतं. मरळीसारखा मासा मात्र वनस्पती असतील तर तलावातच वाढतो, फुकट.

जेसीबीने सरसकट खोल खणण्याबद्दल मी म्हणूनच साशंक आहे. गाळ जातो हे खरं, पण वरच्या थरातलं पाणवनस्पतींचं बीही त्याच ट्रॉलीत भरलं जातं, आणि काठ उभा झाला की देवधानासारख्या उथळ पाण्यातल्या गवतांना जागा उरत नाही. दुसरा धोका गवत्या माशाचा. हा चिनी कार्प झपाट्याने वाढतो, म्हणून बीज सोडताना मोह होतो. त्याचा मुख्य आहार म्हणजे पाण्याखालची वनस्पती, बेशरमीला तो हात लावत नाही.