किती मिनिटांनी झोपायचं, हे कोणी ठरवायचं?

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या स्लीप सेटिंगचा, म्हणजे वापर थांबल्यावर यंत्राने किती वेळाने झोपायचं याचा, विषय निघाला की सगळे बॅटरीबद्दल बोलतात. माझ्या मते खरी मेख यंत्राला जागं व्हायला किती वेळ लागतो यात आहे. जागं होणं रखडत असेल, तर यंत्र माणसालाच विचारतं, "किती मिनिटं वाट पाहू?" ते चुटकीसरशी होत असेल, तर विचारायची गरजच उरत नाही.

१९९६ साली आलेल्या पाम पायलट या तळहातावर मावणाऱ्या संगणकामध्ये हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच होता. दोन ट्रिपल ए सेलवर तो कित्येक आठवडे चालायचा. सगळी माहिती रॅममध्येच, म्हणजे चालू कामाच्या स्मृतीतच, असल्यामुळे बटण दाबलं की मघाचा पडदा लगेच हजर. सेटिंग काय, तर आपोआप बंद व्हायला एक, दोन की तीन मिनिटं, एवढंच. चुकीचा पर्याय निवडला तरी फार तर बटण पुन्हा एकदा दाबावं लागायचं.

लॅपटॉपचा प्रवास मात्र वाकडातिकडा झाला. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने वीजबचतीसाठी एपीएम हे मानक आणलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची एनर्जी स्टार ही वीजबचतीची योजनाही सुरू झाली. एपीएममध्ये झोपवण्याचा बराचसा कारभार बायोसकडे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडे, होता, ऑपरेटिंग सिस्टिमला त्याची धड खबर नसायची. मग डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवं मानक जाहीर केलं आणि सूत्रं ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेली. झोपेच्या पायऱ्या ठरल्या: एस३ (म्हणजे स्टँडबाय) मध्ये फक्त रॅम जिवंत राहते, एस४ (म्हणजे हायबरनेट) मध्ये सगळं डिस्कवर लिहून यंत्र बंद होतं. अभियंत्यांसाठी ही वर्गवारी चोख होती. पण तीच पुढे सेटिंगच्या खिडकीतून सामान्य माणसाच्या गळ्यात पडली.

२००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ती खिडकी ज्यांनी उघडली असेल त्यांना आठवेल. वर सहा तयार योजना, कुठली घर-ऑफिससाठी, कुठली लॅपटॉपसाठी, एक तर खास प्रेझेंटेशनसाठी. खाली चार ओळी: मॉनिटर, हार्ड डिस्क, स्टँडबाय, हायबरनेट. प्रत्येक ओळीत दोन रकाने, चार्जर लावलेला असताना आणि बॅटरीवर असताना. म्हणजे एका योजनेत आठ मुदती ठरवायच्या. स्टँडबाय आणि हायबरनेट यांतला फरक माहीत नसलेल्या माणसाने त्या कशाच्या आधारावर ठरवायच्या? बहुतेकांनी तिथे हातच लावला नसणार.

एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने तीनच मुख्य योजना ठेवल्या आणि बाकीचा पसारा 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या मागे ढकलला. पण स्टार्ट मेनूत मात्र उलटी गंगा. काम संपवून उठायचं, तर तिथे दोन चिन्हं आणि सात पर्याय मिळून नऊ वाटा होत्या. सॉफ्टवेअरवर लिहिणारे जोएल स्पोल्स्की यांनी नोव्हेंबर २००६ मध्ये नेमकं हेच मोजून दाखवलं आणि त्यावर बरीच चर्चा झडली.

याच काळात 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाच्या एक्सओ लॅपटॉपने दुसरी वाट धरली. वीज येते-जाते अशा गावांतल्या मुलांसाठी तो बनवला होता. २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेतही तो पोहोचला. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेल्या त्याच्या पडद्याला स्वतःची चिप होती. प्रोसेसर झोपला तरी चित्र जागच्या जागी राहायचं, आणि वायफायची चिप शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पाठवत राहायची. मूल पान वाचतंय, तेवढ्यात यंत्राने डुलकी काढून घ्यायची, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात जागं होणं आराखड्यातल्याइतकं चपळ जमलं नाही. तरी सेटिंगचं पान मला आजही आदर्श वाटतं. त्यावर खूण करायचे दोनच चौकोन होते: एक, आपोआप वीजबचत, दुसरा, कडक वीजबचत, ज्यात वायफाय बंद होतं. प्रत्येकापुढे त्याचा परिणाम लिहिलेला. पडदा मंद कधी करायचा, झोपायचं कधी, पडदा विझवायचा कधी, या वेळा आत एका साध्या फाइलमध्ये होत्या. ज्याला खटपट करायची त्याने ती उघडावी.

२०१५ मध्ये फोननी तर चौकोनही काढून टाकले. अँड्रॉइड ६ मधल्या डोझ या सोयीने स्वतःच ओळखायचं ठरवलं: चार्जर नाही, पडदा बंद, फोन हलत नाही, म्हणजे झोपायला हरकत नाही. अधूनमधून थोडा वेळ उठून साचलेली कामं उरकायची, आणि दोन उठण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं. त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस ९ मध्ये एकच खटका आला, लो पॉवर मोड, आणि तो सुचवायची वेळही फोननेच ठरवली: बॅटरी २० टक्क्यांवर आली की. सोपं झालं खरं, पण काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोननी पुढे जाऊन अ‍ॅप परस्पर मारायला सुरुवात केली, आणि औषधाची आठवण करून देणारं अ‍ॅप गप्प का बसलं हे शोधायला पुन्हा सेटिंगच्या जंगलात शिरणं आलं. नव्या लॅपटॉपमधल्या मॉडर्न स्टँडबायची, म्हणजे फोनसारख्या अर्धवट झोपेचीही तीच रड. झाकण मिटून बॅगेत ठेवलेलं यंत्र कधीकधी आत जागंच राहतं आणि तापतं.

काही यंत्रांना मात्र वेळापत्रक माणसानेच द्यावं लागतं. ऑडिओमॉथ हे जंगलातले आवाज टिपणारं छोटं यंत्र साउदॅम्प्टन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बनवलं. ते तीन पेन्सिल सेलवर चालतं. वटवाघळं ऐकायची की पहाटेचे पक्षी, हे त्याला कुठून कळणार? त्याच्या अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग किती सेकंद, झोप किती सेकंद, आणि दिवसातले कोणते तास, एवढं भरायचं. लगेच खाली दिसतं, रोज किती फायली होतील, किती जागा जाईल, सुमारे किती मिलिअँपिअर-तास खर्च होतील. आकडा बदलला की बेरीजही बदलते. एक खाचखळगा उरतोच: वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, ठेवली असेल, तर आपल्या पहाटे सहासाठी ००:३० लिहावं लागतं. ६:०० लिहून मोकळं झालात, तर रेकॉर्डिंग सुरू होतं साडेअकराला, पक्षी गाऊन गप्प झाल्यावर.