काटा नेमका कुठे लागला : रिमिक्स व्हिडिओंमागची पार्श्वभूमी

रिमिक्स व्हिडिओंचा विषय निघाला की आमच्या इंदूरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वाट लागली ती तिथूनच, दुसरी मोबाईलवर तेच व्हिडिओ काढून दाखवते आणि म्हणते काय दिवस होते यार. इथे या भांडणाला जरा जास्तच धार आहे, कारण ज्या आवाजाच्या गाण्यांवरून सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो आवाज १९२९ साली इथे, सिख मोहल्ल्यात जन्मला. नाव घ्यायची गरज नाही, रामबागेतल्या कुठल्याही मराठी घरात नुसतं 'दीदी' म्हटलं तरी पुरतं.

पण दोन्ही पार्ट्या बोलतात ते त्या व्हिडिओंत नाचणाऱ्या मुलींबद्दल. कायद्यातल्या ज्या एका कलमामुळे ही सगळी जत्रा भरली त्याचं नाव कुणी काढत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ. बाकी जगात रिमिक्स म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच घ्यायचं, त्यातला आवाज, ठेका, वाद्यं सुटी करायची आणि पुन्हा वेगळ्या मापात मिसळायची. आपल्याकडे २००० च्या आगेमागे ज्याला रिमिक्स म्हणायचे त्यात बहुतेक वेळा मूळ रेकॉर्डिंगचा एक सेकंदही नसायचा. चाल तीच, शब्द तेच, गाणारी मुलगी नवी, खाली धडधडता ठेका आणि मधे कुठेतरी कुणीतरी इंग्रजीत बडबडून जायचं. म्हणजे हे रिमिक्स नव्हतंच, हे होतं 'व्हर्जन'. आणि हा शब्द आम्हाला नवा नव्हता, ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानात जुनी गाणी मागितली की काउंटरवरचा माणूस आधी विचारायचा, ओरिजिनल देऊ की व्हर्जन? व्हर्जन स्वस्त. घरी आणून लावली की पहिल्या ओळीलाच आजी म्हणायची, हे काय लावून राहिलास रे, ही ती नाहीये.

तर हे व्हर्जन कायदेशीर कसं होतं? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, कशाकशाला उल्लंघन म्हणायचं नाही त्याची यादी. त्यात (१)(जे) या नावाने एक सोय होती. एखाद्या गाण्याचं पहिलं रेकॉर्डिंग हक्कदाराच्या परवानगीने झालेलं असेल, आणि ते ज्या वर्षी झालं ते वर्ष संपून आणखी दोन वर्षं उलटली असतील, तर कुणीही नोटीस द्यायची, ठरलेली रॉयल्टी भरायची आणि तेच गाणं आपल्या गायकाकडून गाऊन घ्यायचं. मालकाचा होकार हवाच असं नाही. ही कल्पना काही आपली नाही, अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात ती आली ती पियानो-रोलसाठी, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्यांवर आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी, एकाच कंपनीने सगळ्या चाली दाबून ठेवू नयेत म्हणून. तिथून १९११ च्या ब्रिटिश कायद्यात, आणि तिथून आपल्याकडे. भोकाच्या कागदासाठी केलेली तरतूद शेवटी कुणाच्या कामी आली बघा.

आता कलमाची खरी गंमत. परवानगी होती ध्वनिमुद्रणाची. चित्राची नव्हे. सिनेमातलं मूळ दृश्य निर्मात्याच्या मालकीचं, ते उचलता येत नाही. इकडे डिश आणि केबल आलेलं, चोवीस तास गाणीच दाखवणाऱ्या वाहिन्या आलेल्या, त्यांना दिवसभर पोटात घालायला क्लिपा हव्यात. गल्लीतला केबलवालाही स्वतःचा एक चॅनेल चालवायचा, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फर्माइशी. नुसता आवाज घेऊन तुम्ही तिथे जाऊच शकत नाही, तिथे चित्र लागतं. मग जुन्या गाण्याला नवं चित्र काढा, दोनेक दिवसांत, एक क्लब, चार रंगीत दिवे, सहा नाचणारे. खर्च कमी, चाल आधीच लोकांच्या तोंडात बसलेली, आणि संपूर्ण मालात नवीन म्हणाल तर फक्त ते चित्र. त्यामुळे सगळा जोर चित्रावरच येणार होता. माझ्या मते व्हिडिओ भडक झाले त्याचं निम्मं कारण इथे आहे, नियत वगैरे नंतरची गोष्ट. ज्याच्या गाण्यात सांगण्यासारखं नवं काही नाही तो बघण्यासारखं काहीतरी देणारच.

वकील लोक यातही एक फाटा फोडतात. कायद्याच्या भाषेत आवाजासकट असलेलं चलतं चित्र म्हणजे 'सिनेमॅटोग्राफ फिल्म', मग व्हिडिओ दोन मिनिटांचा असो की तीन तासांचा. मग फक्त ध्वनिमुद्रणासाठी दिलेली सूट त्यावर चित्र चिकटवल्यावर टिकते का? कलमात अजून एक अट होती, रूपांतराला गरजेचे असतील तेवढेच बदल करायचे, त्याहून जास्त नाही. रॅप गरजेचा होता का? लताबाईंच्या (घेतलं शेवटी नाव) द्रुतगतीच्या गाण्यात मधेच ढिशूम-ढिशूम ठेका गरजेचा होता का? आणि वेष्टनावरून ऐकणाऱ्याची फसगत होईल असं काही छापायचं नाही, हीसुद्धा अट. यावर कोर्टात भांडणं झाली, कंपन्या कंपन्यांवर गेल्या. पण एक लक्षात घ्या, सगळेच काही कलमाच्या जोरावर नव्हते. कित्येक व्हिडिओ रीतसर परवानगी घेऊन झाले, काही तर मूळ हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनीच काढले. बाहेरून सगळे सारखेच दिसायचे.

१९७२ च्या सिनेमातलं 'काँटा लगा' २००२ मध्ये परत आलं आणि मग विषय घरोघरी गेला. त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला उभे होतो, शहरातल्या कापड मिलांची ही जुनी परंपरा, आणि एका बाजूला डीजेवर तेच गाणं चालू होतं, शेजारचे काका तोंड फिरवून उभे आणि पाय मात्र ठेक्यावर. दीदींनी या सगळ्या प्रकाराबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली, एकदा नाही, अनेकदा. इंदूरात तो जवळजवळ घरचा अपमान समजला गेला. राग मात्र गेला सगळा त्या व्हिडिओतल्या मुलीवर. ती काही कलम लिहायला गेली नव्हती.

गाण्याला चित्र जोडायच्या प्रकाराचा याच्या आधीचा इतिहास थोडक्यात. १९४० च्या दशकात अमेरिकेत हॉटेलात, बारमध्ये नाणं टाकून चालणारी पेटी होती, त्यात १६ मिलिमीटरच्या फिल्मवर तीन-तीन मिनिटांची गाणी, पुढचं कुठलं लागेल ते तुमच्या हातात नाही. १९६० च्या सुमारास फ्रान्समधून रंगीत पेटी आली, त्यात गाणं निवडता यायचं. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत गाण्यांची वाहिनी सुरू झाली. आपल्याला या कशाचीच गरज वाटली नाही कारण आपल्याकडे १९३१ पासून सिनेमाच हे काम करत होता. सिनेमाबाहेरचं, पण सगळ्या देशाने बघितलेलं गाणं म्हणाल तर १९८८ च्या १५ ऑगस्टचं दूरदर्शनवरचं एकात्मतेचं 'मिले सुर मेरा तुम्हारा', त्यातही सिख मोहल्ल्याचा आवाज आहे, चेहऱ्यासकट.

तंत्राबद्दल एकच सांगतो कारण ते मला फार आवडतं. स्लो मोशनमध्ये माणूस चालतोय, केस उडतायत, पण ओठ मात्र गाण्याबरोबर बरोब्बर हलतायत, हे कसं? सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, त्या चिरक्या आवाजावर कलाकाराने भराभर ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेमवर. नंतर नेहमीच्या वेगात दाखवलं की अंग सावकाश आणि ओठ बरोबर. नव्वदीतल्या निम्म्या व्हिडिओंची जादू ही एवढीच.

परत सरकारकडे येऊ. २००६ मध्ये केबलच्या नियमांत बदल झाला, सेन्सॉरचं सगळ्यांना चालेल असं सर्टिफिकेट नसेल तर केबलवर दाखवायचं नाही. त्या यादीत सिनेमा, सिनेमाची गाणी, ट्रेलर यांच्याबरोबर 'म्यूझिक व्हिडिओ' आणि 'म्यूझिक अल्बम' असे दोन्ही शब्द आहेत. अल्बम म्हणजे खरं तर गाण्यांचा संच, ऐकायची वस्तू. पण आपल्याकडे पोरं 'अल्बमात काम केलं' म्हणतात ते व्हिडिओत नाचलो या अर्थाने, आणि सरकारनेही अल्बम ही बघायची वस्तू धरली. जेल रोडवर सीडी विकणाऱ्याने जी भाषा वापरली तीच राजपत्रात, हे मला अजूनही भारी वाटतं.

कलमाचा निकाल लागला २०१२ मध्ये. राज्यसभेवर नेमलेल्या एका गीतकाराने या दुरुस्तीसाठी बराच जोर लावला. जुनी सोय निघाली आणि ३१ सी नावाचं नवं कलम आलं : दोनाऐवजी पाच वर्षं थांबा, वर्षाला निदान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरा, जुन्या गायकाचं नाव किंवा फोटो वापरू नका आणि कव्हरवर स्पष्ट छापा की हे कव्हर व्हर्जन आहे. एखाद्या भाषेत किंवा बोलीत खप कमी असेल तर तो ५०,००० चा आकडा खाली आणता येतो अशी पळवाटही ठेवली आहे, म्हणजे आमच्या माळवीत, इंदूरकडच्या बोलीत, कुणाला काही करायचं असेल तर रस्ता आहे, पण वापरलेला मी तरी पाहिला नाही.

यातून रिमिक्स थांबलं का? उलट. लहान कंपन्यांचा रस्ता अरुंद झाला, पण ज्यांच्याकडे जुन्या गाण्यांचे हक्क आहेत त्यांना कुणाला नोटीस द्यायचीच नाहीये. ते आपलंच गाणं काढतात, 'रीक्रिएट' म्हणतात आणि नवीन सिनेमात घालतात. शब्द परत बदलला, धंदा तोच. २०१८ मध्ये दीदींना परत जाहीर लिहावं लागलं ते याच नव्या लाटेबद्दल. मधल्या काळात मोबाईलने वाहिन्या संपवल्या, २०१२ च्या डिसेंबरात एका कोरियन व्हिडिओने शंभर कोटी व्ह्यूज गाठले, हे सगळ्यांना माहीतच आहे.

आणि त्या कव्हरवर छापायच्या अटीचं काय झालं? आता पोरं राजवाड्यासमोर उभी राहून त्याच जुन्या चालीवर पंधरा सेकंदांचं रील काढतात. कव्हर कुठे आहे, छापायचं कशावर?