बाळुत्याला काकवीचा वास

बहिणीच्या बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी आईनं बाळुतं नाकाला लावलं आणि म्हणाली, "अगं, ह्याच्या शूला गुऱ्हाळाचा वास मारतोय बघ." आम्ही हसलो, कराडकडं हिवाळ्यात निम्म्या शिवाराला तोच वास असतो. मग मी मोबाईलवर शोधलं आणि हसायचं थांबलो.

असा एक आजार खरंच आहे, मॅपल सिरप युरिन डिसीज. 1954 साली अमेरिकेत पहिल्यांदा नोंदला गेला, तिकडं मॅपल झाडाचा गोड पाक ओळखीचा म्हणून त्याचंच नाव पडलं, आपल्याकडं सापडला असता तर काकवी रोगच म्हणलं असतं. दूध, डाळ, अंडी कशातही प्रोटीन असतं, ते पचलं की त्याची ॲमिनो ॲसिडं होतात. त्यातली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तिघं पुढं मोडणारं एन्झाइमच ह्या बाळांत काम करत नाही, मग ती रक्तात साठतात, लघवीत उतरतात, आणि बाळ दूध ओढायचं बंद करतं, मलूल पडतं, मेंदूला सूज येते, सगळं जन्मानंतर थोड्याच दिवसांत. जनुकातला हा दोष आई आणि बाप दोघांकडनं आला तरच आजार होतो, म्हणून मामाच्या पोरीशी लग्न करायची आपली रीत इथं धोका वाढवते, कुणाला राग आला तरी.

पण लघवीत ॲमिनो ॲसिड दिसलं म्हणजे दरवेळी रक्तातच गडबड असं नाही हां. किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि त्यातली जवळजवळ सगळी ॲमिनो ॲसिडं परत ओढून घेते. सिस्टिनुरिया नावाच्या आजारात रक्त ठीक असतं, ही परत ओढायची सोयच बिघडलेली असते. सिस्टिन हे असंच एक ॲमिनो ॲसिड, ते लघवीत नीट विरघळत नाही, त्याचे षटकोनी स्फटिक होतात आणि पुढं मुतखडा, तोही परत परत. 1810 साली वोलास्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं अशाच एका खड्यातनं हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला होता.

तर आमचं बाळ. दूध मस्त पीत होतं, रडत होतं, तरी डॉक्टरांनी टाचेतनं रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवलेच. मग बहिणीला विचारलं, खाताय काय? मेथीचे लाडू, सकाळ-संध्याकाळ! त्या मॅपलवाल्या आजारात लघवीला वास येतो तो सोटोलोन नावाच्या पदार्थामुळं, आणि तेच सोटोलोन मेथीदाण्यात असतं, आईनं खाल्लं की बाळापर्यंत पोचतं.

रिपोर्ट नॉर्मल आला. लाडू बंद केल्यावर वासही गेला. उरलेला डबा मी संपवला, तर दुसऱ्या दिवशी माझ्या बनियनला गुऱ्हाळ.