कौले परतणे (गोवा)

कौले परतणे म्हणजे मंगळुरी कौलांच्या छपराची पावसाळ्याआधी केलेली साफसफाई, तपासणी आणि दुरुस्ती. कोकणात यालाच कौले चाळणे म्हणतात. गवती छपरांच्या काळातला ‘शाकारणी’ हा शब्दही काही घरांत टिकून आहे. गोव्यात मोसमी पाऊस साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो. वर्षभरात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सप्टेंबरअखेरपर्यंत पडून जातो. सत्तरी, सांगे अशा घाटपायथ्याच्या तालुक्यांत तो याहून अधिक असतो. त्यामुळे एप्रिल ते मेचा मध्य हाच कामाचा काळ. घरात पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) बेगमी चालू असते, तेव्हाच छपराला शिडी लागते.

मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी घरांवर कुंभाराची अर्धगोल कौले असत. कोकणीत कौलांना आजही नळे म्हणतात. मंगळुरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब, २३ ते २४ सेंटिमीटर रुंद आणि अडीच किलोच्या आसपास वजनाचे असते. उताराच्या एका चौरस मीटरला सुमारे १५ कौले लागतात. कौलाच्या खालच्या अंगाला, वरच्या टोकाशी असलेले दात रिपेत (वाशांवर ठोकलेल्या आडव्या लाकडी पट्टीत) अडकतात, आणि बाजूच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात. मधल्या भागात ना खिळा, ना चुना. कौले अशी सुटी असतात म्हणून एक फुटले तर एकच बदलता येते, आणि फटींतून वारा खेळत राहिल्याने रिपा-वासे कोरडे राहतात. दुरुस्तीत होणाऱ्या बहुतेक चुका हा सैलपणा घालवण्याच्या नादात होतात.

गळती शोधणे

पाणी जिथे टपकते त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. आत शिरलेले पाणी रीप गाठते, रिपेवरून वाशावर येते आणि वाशाच्या पोटाने खाली घसरत एखाद्या गाठीशी ठिबकते. म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने वर पाहत जावे. भर दुपारी खिडक्या-दारे लावून आतून पाहिले की फुटलेल्या किंवा घसरलेल्या कौलाजागी उजेडाचा ठिपका दिसतो. मे महिन्यातली वळवाची सर ही फुकटची चाचणी असते. त्या वेळी खडू घेऊन ओल्या वाशांवर खुणा कराव्यात आणि काम दुसऱ्या दिवशी, कौले वाळल्यावर करावे.

फुटलेले कौल हे गळतीचे एक कारण. अंगणातल्या माडावरून पडलेला नारळ आणि वानरांच्या उड्या यांचा त्यात मोठा वाटा असतो. तितकेच नेहमीचे कारण म्हणजे पालापाचोळा. आंबा-फणसाची पाने खाचांत कुजली की पाणी अडते, चढते आणि कौलाच्या कडेवरून आत उतरते. पश्चिमेचे पाखे (छपराची उतरती बाजू) जास्त गळते, कारण समुद्राकडून येणारा वारा पाणी उताराच्या उलट वर रेटतो. उतार २५ अंशांपेक्षा कमी असेल तर हे हमखास घडते, आणि तिथे कौले कितीही परतली तरी उपयोग होत नाही. स्वयंपाकघर मागे वाढवताना छप्पर तसेच खाली ओढत नेलेले असते, तो भाग बहुधा याच जातीचा.

एक कौल बदलणे

आत लाकडी तक्तपोशी (कौलांखालचे फळ्यांचे छत) नसेल तर हे काम घरातूनच, पक्क्या शिडीवर उभे राहून होते. वरच्या ओळीतले कौल हाताने किंचित उचलून खाली लाकडाची पाचर सारावी. शेजारचे कौल बोटभर सरकवावे, फुटलेले काढून घ्यावे, नवे खालून वर सारावे आणि दात रिपेवर बसल्याची खात्री झाल्यावर पाचर काढावी. दात तुटलेले कौल पुन्हा वापरू नये. ते महिनाभर टिकते आणि भर जुलैत घसरते.

नवे कौल आणायला जाताना जुने एक सोबत न्यावे. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत खाचा थोड्या वेगळ्या असतात, आणि नवे-जुने एकमेकांत बसले नाही तर तीच नवी गळती ठरते. पाठीवर त्याच कारखान्याचा छाप असलेली कौले मोडलेल्या घरांच्या सामानात अनेकदा मिळतात. बोटाने वाजवून पाहावे. चांगले कौल खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द आवाज करते. उजेडासाठी काचेचे कौल घ्यावे. प्लास्टिकचे उन्हाने पिवळे पडते आणि वाकते.

छपरावर चढावेच लागले तर सकाळी नऊच्या आत, कौले तापण्यापूर्वी. पाय कौलाच्या मधोमध न टाकता दोन कौले एकमेकांवर येतात तिथे, म्हणजे रिपेच्या वर, टाकावा. आढ्याला दोराने बांधलेली आडवी पट्ट्यांची फळी टाकली तर वजन विभागले जाते. शेवाळलेल्या पाख्यावर आदल्या रात्री पाऊस पडला असेल तर त्या दिवशी काम नाही. छपराखालून गेलेल्या वायरींचे आवरण उंदरांनी कुरतडलेले असू शकते, तेव्हा आधी मेन स्विच बंद करावा.

आढे आणि पन्हळ

आढ्यावरची गोल कौले मात्र सिमेंट-रेतीच्या मालात बसवलेली असतात, आणि तिथला माल दर काही वर्षांनी तडकतो. वरून सिमेंटचा हात फिरवण्याची पद्धत सर्रास आहे आणि निरुपयोगी आहे. पातळ थर एका उन्हाळ्यात सुटतो. सुटलेले कौल उचलून जुना माल खरवडावा, धूळ झाडावी, कौल आणि जागा दोन्ही भिजवावीत. कोरडे कौल मालातले पाणी शोषून घेते आणि माल भुसभुशीत होतो. एक भाग सिमेंटला पाच-सहा भाग चाळलेली रेती पुरे, थोडा चुना घातल्यास उत्तम. जास्त सिमेंटचा माल कडक होतो आणि तडकतो. माल कौलाच्या कडेच्या आतच राहिला पाहिजे. बाहेर आलेली कड पाणी धरून आत ओढते. मेच्या उन्हात तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे.

दोन पाखी जिथे आत मिळतात, उदाहरणार्थ बाल्कांवाचे (दारापुढच्या बैठकीच्या ओसरीचे) छप्पर मुख्य घराला टेकते तिथे, पत्र्याची पन्हळ असते. घर गळत असेल तर पहिली शंका तिचीच घ्यावी. कचरा काढावा आणि गंज खिळ्यांच्या भोवती पाहावा. लहान भोकावर घासलेल्या, कोरड्या पत्र्यावर डांबरी चिकटपट्टी चालते, मोठ्याला पत्राच बदलावा. पन्हळ अॅल्युमिनियमची असेल तर तिला ओले सिमेंट लावू नये, त्यातला क्षार धातू खातो.

लाकूड

कौले काढलेली असतील तेव्हाच रिपा तपासाव्यात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकले असता पोकळ आवाज आला, किंवा टोक सहज आत गेले, तर आत वाळवी किंवा कुज आहे. वाशाचे चिऱ्याच्या भिंतीत गेलेले टोक आधी कुजते, कारण जांभा ओल धरून ठेवतो. नवी रीप जुन्यांच्याच अंतरावर ठोकावी. दोन कौले एकमेकांत अडकवून दातापासून दातापर्यंत मोजले की ते अंतर मिळते, साधारण ३० ते ३२ सेंटिमीटर. वळचणीची शेवटची रीप इतरांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी. तिथल्या कौलाखाली दुसरे कौल नसते, म्हणून साधी रीप मारली तर ती ओळ खाली झुकते. लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत उपयुक्त आहे, पण ते कातडीवर फोड आणते. रबरी हातमोजे घालूनच लावावे.

वासा बदलणे आणि आढ्याचा वाकलेला बहाळ (तुळई) दुरुस्त करणे ही सुताराची कामे आहेत.

उरलेली वीस-पंचवीस कौले मागच्या पडवीत उभी, दाटीने लावून ठेवतात. आडवी रचली तर खालची तडकतात.