डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम: एक जुनं यंत्र उभं करतं, दुसरं जुनी संहिता वाचतं

फोनवर डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या पीसी प्रणालीच्या, काळातले गेम खेळायचे म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात, डॉसबॉक्स आणि स्कमव्हीएम. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही अँड्रॉइडवर चालतात आणि दोघांनाही सर्रास ‘एम्युलेटर’ (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) म्हटलं जातं. मग कुणीतरी स्कमव्हीएम डाउनलोड करतो, त्याला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या डॉसवरच्या गेमचं फोल्डर दाखवतो, गेम ओळखला गेला नाही की फाइलच खराब आहे असं समजून डिलीट करून टाकतो. फाइल धडधाकट असते, फक्त चुकीच्या दारात नेऊन ठेवलेली असते.

डॉसबॉक्स हा खरा एम्युलेटर. आपल्या फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा, तर जुने पीसीचे प्रोग्राम इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेले. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. डॉसबॉक्स मधे बसून प्रत्येक सूचना फोनला कळेल अशी करून देतो आणि तिच्याभोवती अख्खा पीसी उभा करतो: चित्रासाठी व्हीजीए कार्ड, आवाजासाठी साउंड ब्लास्टर, टायमर, कीबोर्ड, शिवाय खऱ्यासारखं वागणारं डॉस. २००२ पासून तो हेच काम करतोय. त्याला गेमचं नाव माहीत असायची गरज नसते. डॉसची कुठलीही ईएक्सई फाइल (मूळ प्रोग्रामची फाइल) द्या, तो चालवून बघतो.

पण यंत्र आलं की यंत्राच्या खोडीही आल्या. डॉसबॉक्स सुरू केलं की झेड ड्राइव्हचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ, समोर येतो. तिथे ‘माउंट’ लिहून फोनमधल्या एका फोल्डरला सी ड्राइव्ह म्हणून जोडावं लागतं, तेव्हा कुठे गेम दिसतो. (अँड्रॉइडवरची काही रूपं हे काम मेनूतून करून देतात.) मग वेग. जुने कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगावरच आपली चाल ठरवायचे. म्हणून डॉसबॉक्स साध्या डॉस प्रोग्रामना मुद्दाम ३००० सायकल्सवर (ठरावीक वेळात चालवायच्या सूचनांचा आकडा) धरून ठेवतो. गेम रखडत असेल तर आकडा वाढवायचा, माकडासारखा उड्या मारत असेल तर कमी करायचा.

आणि बोटं. ‘प्रिन्स’मध्ये शिफ्ट धरून बाण दाबला की आपला गडी एकेक पाऊल जपून टाकतो, कड्याच्या अगदी टोकापर्यंत. शिफ्ट धरूनच तो कडा पकडून लोंबकळतो. काचेवरच्या कीबोर्डवर डाव्या अंगठ्याने बाण आणि उजव्याने शिफ्ट धरायला गेलं की निम्मा स्क्रीन हाताखाली झाकतो, आणि खालचे सुळे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. माझं स्पष्ट मत आहे: असे गेम फोनवर खेळायचे असतील तर ओटीजी केबल लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडा, नाहीतर नाद सोडा. आमच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका पीसीवर दोघं बसायचो, एकाकडे बाण आणि दुसऱ्याकडे शिफ्ट. ती सोय काचेवर नाही.

स्कमव्हीएमचा मार्ग मुळातच निराळा. १९८७ साली लुकासफिल्म गेम्सने ‘मेनिॲक मॅन्शन’ हा गेम काढला. त्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र स्क्रिप्टची भाषा तयार केली, तिचं नाव स्कम. कोण काय बोलेल, कुठलं दार कशाने उघडेल, हे सगळं त्या भाषेत लिहून डेटा फाइलमध्ये ठेवलेलं. ईएक्सई फाइलचं काम एवढंच की ते वाचायचं आणि पडद्यावर करून दाखवायचं. नाटकाची संहिता एका वहीत आणि ती सादर करणारी मंडळी वेगळी, असा प्रकार. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी हीच संहिता वाचणारी नवी मंडळी उभी केली. ‘मंकी आयलंड’ हा स्कममधलाच गेम स्कमव्हीएममध्ये चालतो तेव्हा मूळ ईएक्सई फाइल उघडलीच जात नाही. ती फोनवर घेतली नाही तरी चालतं. जुन्या प्रोसेसरची नक्कल करायचा प्रश्नच नाही, कारण वाचणारा प्रोग्राम फोनच्याच भाषेत तयार झालेला आहे.

म्हणून स्कमव्हीएम तेवढेच गेम चालवतो ज्यांची संहिता वाचायला तो शिकलाय. स्कमखेरीज सिएरा कंपनी आणि इतरांची कितीतरी इंजिनं (अशाच संहिता चालवणारे प्रोग्राम) त्यात आता आली आहेत, पण यादी ती यादीच. फोल्डर दाखवलं की तो फाइलींची नावं, आकार आणि बहुतेक वेळा पहिल्या ५००० बाइट्सचा ठसा ताडून बघतो, आणि त्यावरून गेम कुठला, फ्लॉपीवरचा की सीडीवरचा, हे ठरवतो. ‘प्रिन्स’ त्या यादीत नाही, म्हणून तो ओळख देत नाही.

यादीत गेम असला, तर फोनवर मी डॉसबॉक्सकडे बघणारही नाही. हे गेम मुळात माउसने टिचक्या मारत खेळायचे, त्यामुळे बोटाला आपसूक जमतात. नकली प्रती अडवणाऱ्या जुन्या कुलपांचंही तसंच. ‘प्रिन्स’ पहिल्या पातळीनंतर पुस्तिकेतलं अक्षर विचारतो आणि डॉसबॉक्समध्येही विचारणारच, कारण ती मूळ प्रोग्रामचीच चाल आहे. स्कमव्हीएममध्ये अशा बऱ्याच तपासण्या वगळलेल्या असतात. करून बघायचं असेल तर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्या, तो २००३ पासून अधिकृतपणे मोफत आहे.

हा फरक मला गेमपुरता कधीच वाटला नाही, कारण आमच्या वाचनालयाची सभासद यादी एका फ्लॉपीवर होती. डॉसच्या काळात मराठी दिसायची ती पीसीत बसवलेल्या, भारतीय लिप्या दाखवणाऱ्या जिस्ट कार्डामुळे. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टर उभा करतो, पण जिस्ट कार्ड त्याच्या यंत्रात नाही. त्यामुळे जुना डीबेस (नोंदी ठेवायचा प्रोग्राम) त्यात व्यवस्थित सुरू झाला आणि यादीही उघडली, पण नावांच्या जागी चौकटींच्या रेघा आणि ग्रीक अक्षरं. यंत्र हुबेहूब असून उपयोग झाला नाही.

तिथे स्कमव्हीएमची वाट धरली. यंत्र विसरायचं, फाइल काय सांगते ते वाचायचं. कार्डावर टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतात साठवलेला असतो. त्यात देवनागरी अक्षरांना १६१ पासून पुढचे आकडे दिलेले असतात, आणि साध्या पीसीवर त्यातल्या बऱ्याच आकड्यांना रेघा नि ग्रीक चिन्हं. आजच्या युनिकोड संकेतातली देवनागरीही इस्कीवरूनच बेतलेली, क्रमसुद्धा बराचसा तोच. त्यामुळे आकड्यांची एक तक्ती आणि प्रत्येक आकडा बदलणारा छोटा प्रोग्राम एवढ्यावर काम भागलं. दुसऱ्या दिवशी यादी फोनवर उघडली तेव्हा सगळ्यात वर सभासद क्रमांक १, आणि त्यापुढे जोडाक्षरांसकट धड देवनागरीत लिहिलेलं नाव होतं.