गावची मराठी शाळा

महाराष्ट्रातील खेड्यांत आणि बाजाराच्या लहान गावांत प्राथमिक शिक्षण देणारी सार्वजनिक शाळा. 1962 पासून ती जिल्हा परिषदेकडे आहे. त्याआधी ती लोकल बोर्डाची, स्कूल बोर्डाची अशी ओळखली जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक गावांत शाळा म्हणजे पंतोजीच. देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या पडवीत ती भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायची, पावकी, निमकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकायचे. कुळकर्ण्याच्या दप्तराला आणि वाण्याच्या वहीला पुरेल एवढेच हे शिक्षण होते. पंतोजीला शिधा मिळे. मुलींना आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींच्या मुलांना तिथे सहसा थारा नव्हता.

1855 मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते निघाले. छापील पुस्तके आली, तपासणीला साहेब येऊ लागले. पुढे शेतसाऱ्याबरोबर लोकल फंड वसूल होऊ लागला आणि त्याचा काही भाग शाळांना मिळू लागला. पण रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचेच उच्च शिक्षण पोसले जाते, हे जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे स्पष्ट मांडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. या तुलनेत इलाख्याची चाल धिमीच म्हणावी लागेल. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला माणूस गावात शिकलेला गणला जाई आणि मास्तर होऊ शके. हायस्कूल बहुधा फार उशिरा आले, तेही सरकारपेक्षा खासगी संस्थांमुळे. भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था त्यांत ठळक आहे.

अशा शाळेचा इतिहास इमारतीपेक्षा तिच्या दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे जनरल रजिस्टरात, अधिक सापडतो. इमारती पडल्या, नव्या बांधल्या. रजिस्टर मात्र हेडमास्तरांच्या लोखंडी कपाटात टिकले. नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचे कारण असे त्याचे रकाने. मुलगी कितव्या इयत्तेत शाळेबाहेर पडली, कोणत्या वस्तीतली पोरे कधीपासून दाखल होऊ लागली, हे त्यावरून कळते. जन्मतारखेचा रकाना मात्र जपून वाचावा. आईबापांना तारीख सांगता येत नसे. दुष्काळ, पूर, पोळा अशा खुणांवरून वयाचा अंदाज घेऊन मास्तर 1 जून लिहून टाकत. म्हणूनच आजही राज्यातले कितीतरी सरकारी नोकर एकाच दिवशी, 31 मे रोजी, निवृत्त होतात.

2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावची ही रजिस्टरे पुन्हा बाहेर निघाली. मोडीतली पाने वाचण्यासाठी मोडी जाणणारे शोधावे लागले आणि जातीच्या रकान्यात मास्तराने लिहिलेला एक शब्द पुरावा म्हणून तपासला जाऊ लागला.